तायडेताईंचं गाढव

तुम्हाला एक विचारते, उत्तर देण्याआधी थोडं आठवून पाहा. मुलांच्या नाटकांत, कार्टूनमध्ये प्राणी मराठी बोलतात, तेव्हा गाढवाच्या तोंडी कोणाची मराठी दिलेली असते? सिंह कसा बोलतो, हरीण कसं बोलतं, ते सोडा. गाढव कुठल्या जिल्ह्याचं असतं?

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. खरं तर पडायला हवा होता. माझे बाबा दर वर्षी सुट्टीहून मस्कतला परतताना लोणच्याच्या बरण्यांभोवती पत्रकं गुंडाळून आणायचे. कामगारांची, विद्यार्थ्यांची, बुद्धविहाराची, मोर्चाची. त्या तेलकट कागदांवरच मी मराठी वाचायला शिकले. जगात कोण कोणावर अन्याय करतं ते मला तोंडपाठ होतं. गाढवाचं मात्र कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. ते मला तायडेताईंनी दाखवलं, एका मेक्सिकन सिनेमातून.

तायडेताई मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. तायडेकाका पुलांच्या कामावर इंजिनिअर. मूळचे दोघंही अकोल्याकडचे. ताईंना मी कधी घाईत पाहिलं नाही आणि कधी गप्पही पाहिलं नाही. घरात टीव्ही चालू असायचा, पण आवाज बंद. आवाज ताई स्वतः द्यायच्या. बातम्या देणारा माणूस ओठ हलवायचा आणि ताई भाजी चिरता चिरता त्याच्या वतीनं सांगायच्या की आज घरून निघताना बायकोनं डब्यात काय दिलं ते पाहायचं राहिलं, त्यामुळे मन लागून नाही राहिलं. फ्रिजच्या जाहिरातीतली बाई त्यांच्या तोंडून फ्रिजला शिव्या द्यायची. तायडेकाका गंभीर चेहऱ्यानं ऐकायचे. क्रिकेटच्या वेळी मात्र हात जोडायचे, आज खरा आवाज राहू दे म्हणून.

इमारतीखाली कचऱ्याच्या डब्यापाशी मांजरं असायची. मस्कतमध्ये ती सगळीकडेच असतात. ताईंनी त्या प्रत्येक मांजराला गाव दिलं होतं. कान फाटलेला बोका साताऱ्याचा, लंगडी मांजरी मालवणची, आणि गाडीच्या टपावर बसून सगळ्यांकडे तुच्छतेनं पाहणारी पांढरी मांजरी पुण्याची. "प्राणी कोणत्या जिल्ह्याचं आहे ते आधी ठरवा," त्या म्हणायच्या, "मग ते आपोआप बोलते."

दर शुक्रवारी सकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत मराठीचा वर्ग भरायचा. दहा-बारा मुलं. सगळी इंग्रजी माध्यमातली, आपसांत इंग्रजीतच बोलणारी. मराठी त्यांच्या तोंडातून अशी यायची, जणू ओल्या फरशीवरून चालताहेत, प्रत्येक पाऊल जपून. ती खरं तर मांजरांसाठी यायची. अर्धा तास खाली मांजरांना बोलतं करायचं, मग वर जाऊन वाचन.

ताईंचा स्वतःचा शब्द एकच होता. काऊन. वऱ्हाडात 'का' म्हणायचं तर 'काऊन' म्हणतात. ताई तो शब्द घेऊन सगळ्या ओमानभर फिरायच्या. भाजीवाला, शाळेचा शिपाई, बँकेतली मुलगी, सगळ्यांना काऊन. हिंदी समजणाऱ्यांना ते 'कौन' ऐकू यायचं. मस्कतच्या जुन्या मत्रह बाजारात एक कच्छी कापडवाले आहेत, त्यांचे पणजोबा इथं आलेले. ताईंनी भाव ऐकून विचारलं, काऊन? ते गल्ल्यावरून मान वर करून म्हणाले, "कौन? मैं." हे दर खेपेला व्हायचं. पुढे पुढे ते मुद्दाम तसं म्हणायला लागले.

एकदा किनाऱ्यावरच्या सहम गावाकडचा एक ओमानी टॅक्सीवाला भेटला. ताईंनी रस्त्यावरून त्याच्याशी वाद घातला, हाच रस्ता काऊन, तो काऊन नाही. त्यानं गाडी चालवता चालवता आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की अम्मा, हा शब्द आमच्याकडेही आहे. अरबीत कौन म्हणजे सगळं जग, आकाश, तारे, जे जे आहे ते सगळं. ताईंनी ते आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. "पाहा बरं. मी नुसतं का म्हणून इचारते, अन् त्याले सारं जग ऐकू येते."

या वर्गात प्रणाली इंगळे नावाची नऊ वर्षांची मुलगी आली. तिचे वडील सहमला एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. दर शुक्रवारी सुटे भाग घ्यायला दोन तास गाडी चालवून मस्कतला यायचे. येताना मुलीला ताईंकडे सोडायचे. पहिल्याच दिवशी कुठलीतरी गोष्ट वाचताना प्रणालीनं हात वर केला आणि विचारलं, "पण तो राजा काऊन चिडला?"

मुलं हसली. दुष्टपणानं नाही, पण हसली. एकानं लगेच इंग्रजीत विचारलं, तू कार्टून आहेस का? आता ताई तर रोज तोच शब्द वापरायच्या. पण ताई मोठ्या होत्या, आणि मुलांना वाटायचं की त्या गंमत करतात. हे गंमत न करता बोललेलं होतं. त्यानंतर प्रणाली सहा-सात शुक्रवार आली आणि एक शब्द बोलली नाही. वडील गाडीत विचारायचे तर खिडकीबाहेर बघायची, असं इंगळ्यांनीच नंतर सांगितलं.

ताईंनी मुलांना रागावलं नाही. मी म्हटलं, त्यांना समज द्यायला हवी. ताई म्हणाल्या, "तू पत्रक आहेस. तू छापून वाटशील. मले दुसरं काही करू दे."

मला त्या 'पत्रक'च म्हणायच्या. पत्रक, चहा ठेव. पत्रक, तुले काय वाटते.

दुसरं काही म्हणजे काय, ते शेजारच्या रोसिओमुळे ठरलं. रोसिओ मेक्सिकोची, ताईंच्या समोरच्या घरात राहायची. दोघींची भाषा एक नव्हती, पण ताईंना त्यानं फरक पडत नव्हता. ठेचा आणि तिकडची मिरचीची चटणी यांची देवाणघेवाण चालायची, आणि बोलणं हातांनी. रोसिओचा भाऊ तिकडे एका लहानशा स्टुडिओत चित्रं काढायचा. त्यांनी मुलांसाठी एक लांब कार्टून सिनेमा केला होता. तिनं तो आणून दाखवला. आम्ही सगळे त्याला गाढवाचा सिनेमाच म्हणायचो.

गोष्ट अशी. माळरानावर एक झरा असतो. जमीनदार एक दिवस त्याला काटेरी तार घालतो. फाटकावर त्याचा टर्की कोंबडा बसतो, गळ्याखालची लाल पिशवी हलवत नियम ओरडतो. कोणी यायचं, कोणी यायचं नाही. पाण्याच्या घागरी वाहणारी एक छोटी गाढवी, आणि सगळे रस्ते माहीत असूनही माहीत नाहीत म्हणणारी एक म्हातारी घोरपड, दोघी मिळून डोंगर ओलांडून पाणी कुठं नेलं जातंय ते शोधायला निघतात. वाटेत पुष्कळ धमाल आहे. शेवटी गाढवी माळावरच्या सगळ्या जनावरांना घेऊन फाटकापाशी परत येते. सिनेमाभर ती एकच प्रश्न विचारते, तोच टर्कीला विचारते. पोर के? स्पॅनिशमध्ये 'का'.

मुलांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती या शब्दावर गडबडा लोळली. पोर के? कोणाचं पोर? गाढवाचं पोर. त्या हसण्यात प्रणालीही होती.

ताई मात्र हसत नव्हत्या. पाण्याला तार घालणं आणि फाटकावर कोणीतरी बसवणं ही गोष्ट कळायला त्यांना मेक्सिकोची गरज नव्हती. त्या पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि गाढवीच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "हे अकोल्याचं आहे."

बालदिनाला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हा सिनेमा दाखवायचा, आवाज बंद करून, पडद्यामागे बसून मराठीत बोलायचं, असं ठरलं. रोसिओच्या भावानं आनंदानं परवानगी पाठवली, फक्त तिकीट लावू नका म्हणाला. भूमिका ताईंनी वाटल्या. घोरपडीसाठी परबदादा. ते मत्रहला एका केटररकडे आचारी होते. त्यांना मालवणीत बोला म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "ह्यो रस्तो माका ठाऊक नाय, आणि ठाऊक असलो तरी मी सांगूचंय नाय." त्यांना थांबवणं एवढंच काम उरलं, कारण घोरपडीला राग आला की त्यांच्या तोंडून मुलांसमोर न बोलण्यासारखं बरंच यायचं.

टर्की मला मिळाला. ताई म्हणाल्या, "तुले लांब लांब वाक्यं येतात. अन् शुद्ध येतात. टर्की एकदम प्रमाण भाषेत बोलला पाहिजे, त्याले नियम वाचायचे आहेत."

गाढवी प्रणाली.

ती नको म्हणाली. ताईंनी आग्रह केला नाही. तालमीच्या दिवशी तिला फक्त शेजारी बसवलं आणि गाढवीची वाक्यं स्वतः बोलायला लागल्या, पण मुद्दाम चुकीची, पुस्तकी. "हे टर्की, आपण असे का बरे करता?" तीनदा असं झाल्यावर प्रणालीला राहवलं नाही. तिनं ताईंच्या हातातला माइक ओढला आणि पडद्याकडे बघून म्हटलं, "काऊन रे? तुया बापाचं पाणी हाय का?"

मुलं पुन्हा हसली. या वेळी गाढवीच्या बाजूनं. पुढच्या शुक्रवारी तीन मुलांनी घरून वेगवेगळे शब्द आणले. कोणी आजोळचा, कोणी बाबांच्या फोनवरचा. ओल्या फरशीवर जपून चालणारी ती मुलं एकदम धावायला लागली. गाढवाचं बोलणं कोणी दुरुस्त करत नाही, हे त्यांना कळलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष सबनीससाहेब तालीम बघायला आले. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहायला हवं. मंडळ त्यांनी स्वतःच्या श्रमांनी उभं ठेवलं होतं. सगळं पाहून त्यांनी ताईंना बैठकीला बोलावलं. मीही गेले. ते म्हणाले, "तायडे मॅडम, ही मुलं वर्षातून एकदा धड मराठी ऐकतात. तीही अशुद्ध ऐकवायची? आणि मुख्य पात्रच असं बोलतंय. विनोदी पात्राला चालेल. उलट तुमचा तो टर्की शुद्ध बोलतो, म्हणजे मुलांनी काय समजायचं?"

ताईंनी विचारलं, गाढव पहिल्यापासून विनोदी नाही का? मग आता काय बिघडलं? सबनीस म्हणाले, या सिनेमात ते नायिका आहे ना.

"हाव," ताई म्हणाल्या. "तेच तर."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि शेवटचा प्रसंग लावला. गाढवीचं तोंड दोनदा उघडतं, पोर, के. 'का' म्हटलं तर दुसऱ्यांदा तोंड रिकामंच उघडतं. सबनीसांनी ते खरोखर लक्ष देऊन पाहिलं. मग 'का बरं' घ्या, म्हणाले. लावून पाहिलं, तोंड बंद झालं तरी शब्द उरला. एक सदस्य म्हणाले, 'का हो' घ्या, बरोबर बसेल. बसलंही.

"पाणी अडवणाऱ्याले का हो म्हणू?" ताईंनी विचारलं. "तारेपाशी उभं राहून? अहो-जाहो करून?"

बैठकीत सगळे हसले. सबनीसही. वातावरण निवळलं आणि त्यांनी मोठ्या मनानं तोडगा काढला. बाकी संवाद प्रमाण मराठीत करायचे. तो एक शब्द तांत्रिक कारणासाठी ठेवायचा. फक्त सुरुवातीला ते दोन वाक्यं बोलतील, की हा शब्द बोलीभाषेतला आहे, गंमत म्हणून घेतला आहे, मुलांनी तसं बोलू नये.

मला वाटलं, जिंकलो. शब्द तरी राहिला.

ताईंनी लॅपटॉप बंद केला. त्यांचा आवाज चढला नाही. "सबनीससाहेब, ते पोरगी पडद्यामागे बसलेली राहील. तुम्ही माइकवर सांगाल, तसं बोलू नये. अन् मग मी तिले सांगू, आता बोल?"

सबनीस म्हणाले की एका मुलीसाठी एवढं ताणू नका. ताई उठल्या. "तोंड बसते म्हणून तो शब्द नका ठेवू तुम्ही. तिचा आहे म्हणून ठेवा. नाही तर राहू द्या."

मंडळाचा हॉल हातचा गेला. बालदिनाला मंडळानं जादूचे प्रयोग ठेवले.

परतल्यावर ताईंच्या इमारतीच्या जिन्यात मी त्यांना म्हटलं, तुम्हाला शाळेत कोणीतरी असंच बोललं असेल, म्हणून तुम्ही लढलात. मला एक दुःखाची गोष्ट हवी होती, पत्रकात शोभेल अशी. ताई पायरीवर थांबल्या. "मले काही झालं नाही. मास्तर म्हणत, मले नको म्हणू, मला म्हण. माझी भाषा चांगली होती. त्याचे कान खराब होते." आणि खाली जाऊन साताऱ्याच्या बोक्याला त्यांनी बैठकीचा वृत्तान्त दिला. बोक्यानं सबनीसांबद्दल जे मत व्यक्त केलं, ते मी इथं लिहीत नाही.

इंगळ्यांनी संध्याकाळी फोन केला. त्यांना वाटलं होतं मुलगी रडेल. ती रडली नव्हती, पण पुन्हा बोलेनाशी झाली होती. त्यांनी आपल्या अर्बाबाला, म्हणजे गॅरेजच्या मालकाला, सगळं सांगितलं होतं. अर्बाबानं फक्त विचारलं होतं, भिंत किती मोठी लागेल?

म्हणून तो सिनेमा सहमला झाला. गॅरेजच्या मागे अर्बाबाची खजुराची बाग, तिच्या कडेला लांब भिंत. मत्रहच्या कच्छी शेठनी भिंतीपुढे थोडं अंतर सोडून टांगायला पडद्याचं कापड दिलं आणि 'कौन देता है? मैं' म्हणाले. तायडेकाकांनी स्पीकर वाहून आणले. मस्कतहून आठ मुलं आली, त्यांचे आईबाप आले. सबनीससाहेब आले नाहीत. सबनीसबाई आल्या, चिवड्याचा डबा घेऊन, आणि परबदादांच्या घोरपडीला सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. त्यांचं माहेर मालवणचं आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळची मगरिबची नमाज झाली आणि आम्ही सुरू केलं. पुढे सतरंजीवर आमची मुलं आणि अर्बाबाची नातवंडं. मागे गॅरेजचे मेकॅनिक, केरळचे, बंगालचे, पाकिस्तानचे, टायरांवर बसलेले. मराठी त्यांतल्या कोणालाच येत नव्हती. समुद्राकडून वारा सुटला होता, पडदा हलायचा, गाढवीचं नाक लांब-आखूड व्हायचं. अर्बाबाला गोष्ट न सांगता समजली. तार दिसताच तो मोठ्यानं हराम म्हणाला आणि नातवंडांना फलजबद्दल सांगू लागला. त्याच्या आईच्या डोंगरातल्या गावात सगळ्यांच्या वाटणीचं पाणी त्या पाटातून यायचं.

पडद्यामागे प्रणाली ताईंच्या मांडीला लागून बसली होती. सुरुवातीची वाक्यं तिनं इतक्या हळू म्हटली की मी माझा टर्की उगाच जोरात ओरडवला. शेवटचा प्रसंग आला. मी नियम वाचले. कोणी यायचं, कोणी यायचं नाही. जेवढी शुद्ध मराठी मला येते तेवढी त्यात ओतली. पडद्यावर गाढवी फाटकापाशी आली. ताईंनी प्रणालीकडे पाहिलंही नाही, फक्त माइक तिच्या बाजूला केला.

"काऊन?"

दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा भरलेलं.

मग मागून, टायरांवरून, एका पाकिस्तानी मेकॅनिकनं उत्तर दिलं, "मैं!" त्याला 'कौन' ऐकू आलं होतं. त्याच्या शेजारचा म्हणाला, "मैं भी." मग तिसरा. मग सगळी रांगच. ते तारेपलीकडे जायला निघालेल्या जनावरांत आपली नावं देत होते. अर्बाबाची नातवंडं कौन, कौन करून नाचायला लागली, त्यांच्यासाठी तो शब्द म्हणजे सगळं जग. मस्कतची मुलं काऊन म्हणत होती, मोठ्यानं, न अडखळता. प्रणालीनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. सिनेमात ते वाक्य एकदाच आहे. टर्कीकडे एकाही खेपेला उत्तर नव्हतं.

त्यानंतर चार महिन्यांनी काकांचं पुलाचं काम संपलं आणि तायडे कुटुंब अकोल्याला परत गेलं. मी विमानतळावर गेले होते, पण माझ्या मनात ताई तिथल्या नाहीत. त्या सहमच्या आहेत. त्या रात्री सिनेमा संपून सामान गाडीत भरून झालं होतं, मागच्या काचेतून मी पाहत होते. दिव्याच्या उजेडात ताई आणि प्रणाली पडद्याची घडी घालत होत्या. बागेच्या भिंतीवरून अर्बाबाची एक बकरी डोकावली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. बहुतेक विचारत असाव्यात, ही कोणत्या जिल्ह्याची. प्रणालीनं कमरेवर हात ठेवून बकरीचं नीट निरीक्षण केलं आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलली ते काचेतून ऐकू आलं नाही. ताई पहिल्यांदाच गप्प उभ्या राहून ऐकत होत्या.

आता माझं एक मागणं आहे. हे पत्रकच समजा. तुमच्या घरात किंवा शेजारी एक मूल असेल. आज त्याला एखाद्या प्राण्याची गोष्ट सांगा. त्यातल्या सगळ्यांत धीट प्राण्याला तुमच्या घरची भाषा द्या, जी तुम्ही ऑफिसात लपवता ती. मग ते मूल मध्येच थांबवून तुम्हाला विचारेल. का म्हणेल, काऊन म्हणेल, कित्याक म्हणेल, व्हाय म्हणेल. त्याचा शब्द दुरुस्त करू नका. उत्तर द्या.